आधी पैसा, मग वीट : जॉर्ज म्यूलर आणि आईच्या बायबलमधला फॉर्म

आजचे वाचन : लूक १४:२८–३०, रोमकरांस १३:८, नीतिसूत्रे २२:७



आजचं मनन रोजच्यापेक्षा लांब आहे, आणि थोडं अवघडही. पण गेला महिनाभर हा विषय माझ्या प्रार्थनेत आहे, तर तुमच्यापासून तो लपवून रोजच्यासारखं गोड गोड लिहिणं मला जमेना.

गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर आमच्या मंडळीत प्रत्येक कुटुंबाच्या हातात एक फॉर्म दिला गेला. नवीन उपासनागृह बांधायचं आहे. जागा खरंच अपुरी पडते. नाताळच्या उपासनेला आम्ही तरुण संघातले सगळे बाहेर पायऱ्यांवर उभे असतो. त्यामुळे इमारतीला कोणाचा विरोध नाही, माझाही नाही. पण फॉर्म दानाचा नव्हता, कर्जाचा होता. प्रत्येक कुटुंबाने किमान एक लाख रुपये पाच वर्षांसाठी मंडळीला द्यावेत, मंडळी वर्षाला सहा टक्के व्याज देईल आणि पाच वर्षांनी मुद्दल परत करील. सहीच्या जागेच्या वर मलाखीतलं दशमांशाचं वचन छापलं होतं.

घरी आल्यावर आईने तो फॉर्म तिच्या बायबलमध्ये ठेवला. पप्पा प्रभूकडे गेल्यावर त्यांच्या पीएफचे जे पैसे आले ते एफडीत आहेत. आईचं औषधपाणी त्याच्या व्याजावर चालतं. तिने मला एवढंच विचारलं, की मुदतीआधी एफडी मोडली तर बँक किती कापते. मला रात्रभर झोप आली नाही.

मी एका सीएच्या ऑफिसात काम करते. आकडे बघायची सवय आहे. पुढच्या सभासदांच्या सभेत मी उभी राहून तीन प्रश्न विचारले. पाच वर्षांनी हे पैसे परत कशातून देणार? मध्येच कोणाच्या घरात आजारपण आलं तर लवकर परत मिळतील का? आणि आपली मंडळी नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतली आहे का? आपल्या महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्यात कलम ३६ अ आहे. विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज काढायचं असेल तर आयुक्तांची मंजुरी आधी घ्यावी लागते. सभासदांकडून घेतलेलं कर्ज हेसुद्धा कर्जच ना.

पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं की देव पुरवील. दुसऱ्याला कोणी उत्तर दिलं नाही. तिसऱ्याला, बघू. मग वडीलजनांपैकी एक काका, ज्यांनी मला संडे स्कूलमध्ये शिकवलं, प्रेमानेच म्हणाले की पेत्राने पाण्यावर पाय टाकताना हिशेब मांडला नव्हता. सगळे हसले. मी खाली बसले. कान तापले होते.

त्या रात्री मी जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र पुन्हा काढलं. तुमच्यापैकी बहुतेकांनी त्यांचं नाव एका गोष्टीपुरतं ऐकलेलं असेल : ब्रिस्टलच्या अनाथाश्रमात अन्न नसतं, म्यूलर प्रार्थना करतात आणि अन्न येतं. विश्वासाचा मोठा वीर. ज्यांना वाटतं की विश्वास म्हणजे हिशेब न विचारणं, तेही त्यांचंच उदाहरण देतात. पण त्यांचं आयुष्य नीट वाचलं की वेगळाच माणूस दिसतो. आज त्यांची ओळख करून देते.

चोरीचा हिशेब

जॉर्जचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ चा, प्रशियातल्या क्रोपेनश्टेट या गावचा. वडील सरकारी करवसुली करणारे. पैसा कसा सांभाळावा हे मुलांना लहानपणीच कळावं म्हणून ते मुलांच्या हातात बरेच पैसे देत आणि हिशेब मागत. जॉर्जने मात्र यातून खोटा हिशेब लिहायला शिकून घेतलं. वडिलांच्या ताब्यातल्या सरकारी पैशांतूनही तो चोरी करी. एकदा वडिलांनी मुद्दाम मोजलेली रक्कम खोलीत ठेवली. पोराने त्यातले पैसे बुटात लपवले आणि पकडला गेला.

आई मरणपंथाला लागली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्या रात्री तो दोन वाजेपर्यंत पत्ते खेळत बसला होता.

सोळाव्या वर्षी तर तो तुरुंगातच गेला. कशासाठी, ठाऊक आहे? उधारीसाठी. महागड्या हॉटेलात राहायचं, खायचं-प्यायचं आणि पैसे नाहीत म्हणून पळायचं. वोल्फेनब्यूटेल गावातल्या एका खाणावळीतून असाच निसटताना तो पकडला गेला. १८२१ चा नाताळ त्याने कोठडीत काढला. जानेवारीत वडिलांनी सगळं बिल भरलं तेव्हा सुटका झाली.

पुढे हाले विद्यापीठात तो धर्मशास्त्र शिकायला गेला, म्हणजे पाळक व्हायला! तिथेही उधारी आणि लबाडी चालूच. मित्रांबरोबर पुस्तकं गहाण ठेवून स्वित्झर्लंडच्या सहलीला गेला, सगळ्यांचे पैसे याच्याकडे होते, आणि हिशेबात गडबड करून स्वतःचा खर्च मित्रांपेक्षा कमी ठेवला.

मला हा भाग वाचताना नेहमी वाटतं, देवाने या कामासाठी असा माणूस का निवडला असेल? दुसऱ्याचा पैसा आपल्या हातात आला की मन कसं कसं पळवाटा काढतं, हे याला आतून माहीत होतं. म्हणून पुढे तो स्वतःवरच सर्वात कडक पहारा ठेवू शकला.

खुर्च्यांचं भाडं

नोव्हेंबर १८२५ मध्ये एका शनिवारी संध्याकाळी एक मित्र त्याला एका साध्या घरातल्या प्रार्थनासभेला घेऊन गेला. तिथे एक जण गुडघे टेकून प्रार्थना करू लागला. जॉर्जने आयुष्यात कोणाला असं गुडघ्यावर पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळपासून तो बदलला. इथून पुढे मीही त्यांना अहो-जाहोच करते.

१८२९ मध्ये म्यूलर इंग्लंडला आले. आजारी पडले, हवापालटासाठी समुद्रकाठच्या टिनमथ गावी गेले आणि तिथल्याच एका छोट्या मंडळीचे पाळक झाले. वर्षाला ५५ पौंड पगार ठरला. ऑक्टोबर १८३० मध्ये त्यांचं मेरी ग्रोव्ह्ज यांच्याशी लग्न झालं. मेरीचे भाऊ अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज हे दातांचे डॉक्टर. चालती प्रॅक्टिस सोडून ते सुवार्तेसाठी आधी बगदादला आणि पुढे आपल्या भारतात आले.

लग्न झालं त्याच महिन्यात नवऱ्या-बायकोने मिळून पगार नाकारला. कारण नीट वाचा. त्या काळी इंग्लंडच्या चर्चमध्ये बाकं भाड्याने दिली जात. ज्याचा पैसा जास्त त्याला पुढची चांगली जागा, गरिबाला मागचा कोपरा. पाळकाचा पगार या भाड्यातून निघे. म्यूलरना याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय टोचू लागला : सोन्याची अंगठीवाल्याला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी, हे प्रभूच्या घरात कसं चालेल? त्यांनी बाकांचं भाडं बंद केलं, दाराजवळ एक पेटी ठेवली, ज्याला जसं वाटेल तसं त्याने टाकावं. कोणी किती टाकलं हे कोणाला दिसू नये.

इथे मी पुस्तक खाली ठेवलं. आमच्या फॉर्मबद्दल मला नेमकं काय खुपत होतं ते मला इथे सापडलं. सहा टक्के की आठ टक्के, हा मुद्दा नव्हताच. उद्या मंडळीने कोणाकडून दहा लाख घेतले आणि कोणी काहीच देऊ शकलं नाही, तर सभेत कोणाचा शब्द चालेल? पाळकसाहेबांना त्या दहा लाखवाल्या घरातल्या चुकीबद्दल कधी बोलता येईल का? आज नीतिसूत्रांत आपण वाचलं की कर्ज घेणारा देणाऱ्याचा चाकर होतो. मंडळीने आपल्याच सभासदांकडून कर्ज घेतलं, की मेंढपाळ काही मेंढरांचा ऋणको होतो. बाकांचं भाडं गेलं, पण ते दुसऱ्या दाराने परत आलं.

शिवणकाम करणारी बहीण

१८३२ मध्ये म्यूलर आणि त्यांचे मित्र हेन्री क्रेक ब्रिस्टल शहरात आले. त्याच वर्षी शहरात पटकीची साथ होती. रस्त्यावर अनाथ मुलं दिसत. १८३४ मध्ये त्यांनी बायबल, शाळा आणि मिशनरी कार्यासाठी एक संस्था सुरू केली. तिच्या नियमांत पहिल्या दिवसापासून एक नियम होता : संस्था कधीही कर्ज काढणार नाही. पैसे आले तर काम वाढेल. नाही आले तर वाढणार नाही.

१८३५ च्या शेवटी एका ओळखीच्या घरी त्यांना ऑगस्ट हर्मन फ्रांके यांचं चरित्र मिळालं. फ्रांके यांनी हालेमध्ये मोठं अनाथालय उभारलं होतं. म्यूलर तिथेच शिकले होते, पण तरुणपणी त्या गोष्टीचा अर्थ त्यांना कळला नव्हता. ५ डिसेंबरला स्तोत्र ८१ वाचताना दहावं वचन त्यांच्या मनाला भिडलं, आणि अनाथांच्या घरासाठी त्यांनी देवाकडे जागा, एक हजार पौंड आणि योग्य माणसं मागितली.

यानंतरची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, आणि मला तीच सर्वात महत्त्वाची वाटते.

त्यांच्या मंडळीत शिवणकाम करून पोट भरणारी एक बहीण होती. तब्येतीने नाजूक. आठवड्याला पाच शिलिंग मिळाले तर खूप, बरेचदा तेही नाही. तिला घराण्यातल्या वारशाचे ४८० पौंड मिळाले. तिने त्यातले शंभर पौंड अनाथांच्या घरासाठी देऊ केले. हिशेब करा : एका पौंडात वीस शिलिंग, म्हणजे शंभर पौंड ही तिची जवळजवळ आठ वर्षांची कमाई.

म्यूलरना तर पैशाची गरज होती. त्यांनी नुकतीच प्रार्थना केली होती. दुसरा कोणी असता तर लगेच म्हणाला असता, बघा, देवाने ऐकलं! पण म्यूलरनी पैसे घेतले नाहीत. आधी तिला बोलावून घेतलं. ही भावनेच्या भरात तर देत नाही ना, उद्या पस्तावणार तर नाही ना, हे त्यांना बघायचं होतं. तिने किंमत मोजली आहे का, हे त्यांनी तिलाच विचारलं.

बोलता बोलता कळलं की ती साधी दिसणारी बाई फार विचारी आहे. तिचे वडील दारूडे होते, कर्ज ठेवून वारले. भावंडांनी सावकारांशी तडजोड केली, पौंडाला पाच शिलिंग देऊन विषय मिटवला. कायद्याने ते पुरेसं होतं. पण हिने गुपचूप एकेका सावकाराकडे जाऊन उरलेली सगळी रक्कम चुकती केली. आईला शंभर पौंड दिले. आणि त्यानंतर अनाथांसाठी शंभर. आधी देणं, मग आई, मग दान. हा क्रम तिने स्वतः ठरवला होता. हे सगळं ऐकल्यावर, तिची खात्री पक्की आहे हे पाहिल्यावर म्यूलरनी पैसे स्वीकारले. वर तिने मंडळीतल्या गरिबांसाठी आणखी पाच पौंड दिले.

मित्रांनो, मला माझ्या आईचा फॉर्म आठवला. आमच्याकडे कोणी आईला बोलावून विचारलं का, की ताई, या पैशांवर तुमचं काय काय अवलंबून आहे? विश्वासाच्या त्या वीराने शिवणकामवाल्या बहिणीला जे विचारलं, तेच मी सभेत विचारत होते. मग माझा प्रश्न अविश्वास कसा?

दुधाची उधारी

एप्रिल १८३६ मध्ये विल्सन स्ट्रीटवरच्या एका भाड्याच्या घरात तीस मुलींपासून काम सुरू झालं. पुढे त्याच गल्लीत आणखी घरं घेतली. १८३८ पासूनची काही वर्षं फार ओढाताणीची होती. सकाळी नाश्ता आहे पण रात्रीच्या जेवणाचं ठाऊक नाही, असे दिवस आले. काम करणाऱ्या बहिणी-भावांनी आपल्या जवळचं किडूकमिडूक विकून पेटीत टाकलं.

त्या काळात ब्रिस्टलमध्ये पाववाला आणि दूधवाला आठवड्याचं बिल आठवड्याच्या शेवटी घेत. आपल्याकडे महिन्याचा दूधवाला असतो तसंच. यात काय चुकीचं? पण म्यूलरनी तेही बंद केलं. देव आपल्याला रोजच्या रोज देतो आहे, आठवड्याच्या शेवटी पैसे नसले तर आपण दूधवाल्याचे देणेकरी होऊ, म्हणून रोजचे पैसे रोज द्यायचे. ज्या दिवशी हातात पैसे नाहीत त्या दिवशी दूध घ्यायचं नाही.

१८४१ च्या डिसेंबरात वार्षिक अहवाल वाचायची सभा होती. लोकांना गरज सांगायची याहून चांगली वेळ कुठली? तिजोरीत तर खडखडाट. म्यूलरनी नेमकी तीच सभा पुढे ढकलली, कारण आपण अहवालाच्या नावाखाली हात पसरतो आहोत असं होऊ नये.

आणि अहवाल मात्र दर वर्षी छापून निघायचे. कुठलं दान किती आलं, कशावर खर्च झालं, सगळं. देणाऱ्याचं नाव नसे, पण आपण दिलेली रक्कम पोचली की नाही हे प्रत्येकाला त्यात तपासता येई. लहानपणी वडिलांना खोटा हिशेब दाखवणारा पोरगा आता पेनीपेनीचा हिशेब जगाला देत होता. कृपा म्हणजे आणखी काय असतं?

६०७ दिवस

आता बांधकामाची गोष्ट. ३० ऑक्टोबर १८४५ ला शेजारच्या एका गृहस्थांचं सभ्य भाषेतलं पत्र आलं : मुलांच्या आवाजाचा आणि गर्दीचा गल्लीला त्रास होतो. म्यूलर चिडले नाहीत. त्यांनी कागदावर दोन्ही बाजू मांडल्या, आणि शेजाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे असं ठरवलं. म्हणजे स्वतःची इमारत हवी. तीनशे मुलांची. हजारो पौंड लागणार.

बँका होत्या. श्रीमंत विश्वासणारे होते. म्यूलर आणि मेरी रोज सकाळी प्रार्थना करू लागले, दुसरं काही नाही. छत्तिसाव्या दिवशी एक हजार पौंड आले. लंडनच्या एका विश्वासणाऱ्या आर्किटेक्टने नकाशे फुकट करून द्यायची तयारी दाखवली. ॲशली डाऊनच्या टेकडीवर सुमारे सात एकर जमीन बघितली. मालक एकरी दोनशे पौंड मागत होता. म्यूलर भेटायला गेले तर तो घरीही नाही आणि दुकानातही नाही. दुसऱ्या दिवशी भेटला तेव्हा म्हणाला की रात्री त्याला झोप लागली नाही, आणि तो जमीन एकशे वीस पौंडांनी देईल.

जमीन मिळाली, नकाशे तयार, मुलं गल्लीत दाटीवाटीने. तरीही म्यूलर थांबले. पायाची कुदळ मारायला लोक घाई करतात. एकदा काम सुरू झालं की पैसे येतात, असं आपण किती वेळा ऐकलंय! त्यांनी तसं केलं नाही. बांधकामाला लागेल तेवढी रक्कम हातात आल्यावरच, ५ जुलै १८४७ ला काम सुरू केलं. पहिल्या प्रार्थनेपासून ६०७ दिवसांनी. जून १८४९ मध्ये मुलं नव्या घरात राहायला आली, आणि त्या घराच्या एकाही विटेवर कोणाचं कर्ज नव्हतं.

लूकच्या आजच्या वचनात प्रभू बुरूज बांधणाऱ्या माणसाबद्दल सांगतो. आधी बसून खर्च मोजायला सांगणारा कोण आहे? स्वतः येशू. मग मोजायला सांगणाऱ्याला अल्पविश्वासी कसं म्हणायचं?

याच पद्धतीने १८५७ मध्ये दुसरं घर उघडलं, १८६२ मध्ये तिसरं, १८६८ मध्ये चौथं आणि १८७० मध्ये पाचवं. एकूण २०५० मुलांची सोय. सगळा खर्च एक लाख पौंडांहून जास्त, आणि कर्ज शून्य.

सत्तरी गाठल्यावर म्यूलर जगभर वचन सांगत फिरले, भारतातही येऊन गेले. १० मार्च १८९८ ला, ब्याण्णवाव्या वर्षी, त्या तिसऱ्या घरातल्या आपल्या खोलीत ते प्रभूकडे गेले. त्यांच्या हातातून आयुष्यात लाखो पौंड गेले होते. मागे स्वतःचं म्हणून राहिलं ते सामान आणि पुस्तकं धरून सुमारे १६० पौंडांचं.

आणि आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचा धागा जुळतो. पंडिता रमाबाईंनी म्यूलर यांचं चरित्र वाचलं होतं, आणि देवावर विसंबून काम करण्याचं बळ त्यांना त्यातून मिळालं असं त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. पुण्याजवळच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तुम्ही कधी गेला असाल तर ॲशली डाऊनची थोडी हवा तुम्हीही घेतली आहे.

मग आपण काय करायचं?

प्रामाणिकपणे एक सांगते. कर्ज घेणं हे प्रत्येक वेळी पाप आहे, असं मी म्हणत नाही. रोमकरांस १३:८ चा अर्थ सगळे विश्वासणारे सारखा लावत नाहीत. काही म्हणतात कर्जच नको, काही म्हणतात घेतलंय ते वेळेवर फेडा. माझ्या भावाचं होम लोन आहे आणि त्याच्या घरी मी आनंदाने जेवते. पण बँक कर्ज देताना कागद बघते, तारण घेते आणि नाही म्हणू शकते. व्यासपीठावरून पाळकसाहेबांनी मागितल्यावर माझी आई नाही म्हणू शकते का? आणि पैसे नाही आले परत, तर ती काय आपल्याच मंडळीवर दावा लावणार? ती मुकाट्याने रडेल, आणि एका रविवारी उपासनेला येणं बंद करील. एक इमारत वाढेल आणि एक विधवा कमी होईल.

दान मागायचं तर दान मागा. देणारा देऊन मोकळा होतो, त्याचा हात देवाला दिसतो. कर्ज मागायचं तर कर्जासारखे कागद दाखवा : परतफेड कशातून, हमी कोणाची, परवानगी कुठे आहे. पण कर्जावर दानाचं वचन छापू नका.

आता माझ्याबद्दल. म्यूलर यांनी मलाही पकडलं. सभेत हसू झाल्यावर रागाने मी एक रुपयाही दानपेटीत टाकला नव्हता. चार रविवार. मनात म्हणत होते, आधी हिशेब द्या. पण म्यूलर कोणाकडे मागत नव्हते, तरी स्वतः सर्वात जास्त देत होते. माझे प्रश्न बरोबर होते. माझी बंद मूठ बरोबर नव्हती. गेल्या रविवारी मी ते चार आठवड्यांचं आणि इमारतीसाठी वेगळं, असं दान दिलं. कर्ज नाही, दान.

आईला मी काही सांगितलं नाही, फक्त त्या शिवणकाम करणाऱ्या बहिणीची गोष्ट वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने तो फॉर्म काढला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पाळकसाहेबांना भेटायला गेली. एफडी मोडणार नाही हे तिने सांगितलं, दहा हजार रुपये इमारतीसाठी दान म्हणून दिले, आणि आयुक्तांची परवानगी आली का हेही विचारून आली. परवानगीचा अर्ज अजून केलेला नाही, कमिटीत विषय घेऊ, असं तिला उत्तर मिळालं. योजना मागे घेतलेली नाही. काही घरांनी पैसे दिलेही आहेत. मी अजून त्याच मंडळीत आहे, त्याच पायऱ्यांवर उभी राहते, आणि पुढच्या सभेत पुन्हा विचारणार आहे. आवाज न चढवता.

आज यावर विचार करा

तुमच्या मंडळीने कधी पैसे मागितले तर ते दान आहे की कर्ज, हे तुम्ही स्पष्ट विचारलं आहे का? ज्यांना विचारायला भीती वाटते अशा कोणासाठी तुम्ही उभे राहू शकता का? आणि प्रश्न विचारता विचारता तुमचीही मूठ बंद तर झाली नाही ना?

आजची प्रार्थना

प्रभू येशू, तुझं घर बांधायची इच्छा आम्हाला दे, आणि थांबायचा धीरही दे. आमच्या पाळकांना आणि वडीलजनांना उघड्या हिशेबाचं धैर्य दे. आमच्या मंडळीतल्या विधवांचा पैसा तुझ्या डोळ्यांसमोर राहू दे. आम्ही विचारू तेव्हा आमच्या जिभेवर प्रीती असू दे, आणि देऊ तेव्हा आमचा हात मोकळा असू दे. आमेन.

उद्या पुन्हा भेटू. उद्याचं वाचन निर्गम ३६ : लोकांनी इतकं आणलं की मोशेला पुरे म्हणावं लागलं, ती गोष्ट.